दुसऱ्या खुणेचा श्वास

होरेस लम्बनं माझी पोर्क पाई नाकारली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी क्लफ एंडचा खाटीक. सेथ बॅराक्लफ. कडक पारीत डुकराचं मांस भरलेल्या माझ्या पाईसाठी शेजारच्या हॅग बॉटम गावची माणसं दरी उतरून येतात, आणि हॅग बॉटमची माणसं आमच्या गावातून सरळ चालत गेली तरी आम्हाला ते आक्रमण वाटतं, यावरून पाई कशी असेल ते समजा. होरेस तर गेली वीसेक वर्षं दर शनिवारी दोन खायचा, एक उभ्याउभ्या दुकानात आणि एक घरी जाऊन. त्या शनिवारी तो आला, तोंडावर मफलर, आणि म्हणाला, "आज नको सेथ. पोट ठीक नाही." पुढच्या शनिवारी तेच, त्याच्या पुढच्या शनिवारी आलाच नाही. त्यात त्यानं मिशा वाढवायला घेतल्या. साठीला आलेला माणूस एकाएकी मिशा वाढवतो आणि पाई सोडतो, तेव्हा घरात तरी काहीतरी बिनसलेलं असतं नाहीतर बँडमध्ये. घरात त्याच्या कोणी नव्हतंच.

आमचा बँड म्हणजे सत्तावीस माणसं, लाल कोट, आणि जुन्या तबेल्यावरची एक खोली. त्यात मी मोठा ढोल वाजवतो. ढोलवाल्याला आमच्यात कोणी वाजवणारा मानत नाही, कारण ढोल मिळतो तो दात गेल्यावर. हा क्लफ एंडचा जुना रिवाज आहे. पितळेच्या वाद्याला दातांचा आधार लागतो. दात गेले की वाद्य परत करायचं आणि मागं जाऊन ढोलाशी उभं राहायचं. मीही आधी युफोनियम वाजवायचो. एका डिसेंबरात दुकानातल्या मांस टांगायच्या आकड्यावर तोंड आपटलं आणि तेव्हापासून मी मागं उभा आहे. त्याबद्दल मी काही बोलत नाही, बोलून दात उगवत नाहीत.

पण मागं उभं राहण्याचा एक फायदा असतो. सगळ्यांच्या पाठी दिसतात. माझ्या अगदी पुढं खर्ज काढणारे दोन मोठे पितळी ट्यूबा बसायचे, होरेस आणि थेल्मा क्रॉदर. कोण कधी श्वास घेतो, कोण घेतल्यासारखं करतो, हे बँड चालवणाऱ्या मास्तरांना समोरून कळत नाही, मला मागून कळतं. श्वास घेतला की कोट वर उचलला जातो.

थेल्माला खर्ज शिकवला तोच होरेसनं. ती बसवर कंडक्टर होती, आवाज असा की वरच्या मजल्यावरचा माणूसही तिकीट काढून मोकळा व्हायचा. ट्यूबातही ती तशीच फुंकायची. होरेस तिला म्हणायचा, "बाई गं, खालचा सूर ओरडून येत नाही. जबडा सोड. ओठ सैल. थंडीत काचेवर वाफ सोडतेस ना, तसा गरम श्वास, भरपूर आणि सावकाश. घाई केलीस तर फाटेल." दोन हिवाळे तिनं रोज तेवढंच केलं, एकच खालचा सूर, लांबच्या लांब. शेवटी तिला तो लागला. त्या दिवशी होरेसनं सगळ्यांना फ्लीस पबमध्ये बिअर पाजली, आणि तो काही उधळ्या माणूस नव्हे.

दोघांची जोडी अशी बसली की कोणता सूर कोणाचा ते ओळखू येईना. लांब सूर असला की एकानं श्वास घ्यायचा, दुसऱ्यानं धरायचं. नोटेशनच्या कागदावर श्वास कुठं घ्यायचा त्याच्या पेन्सिलीच्या खुणा असायच्या. पहिली खूण थेल्माची, दुसरी होरेसची. ऐकणाऱ्याला वाटायचं, हा सूर काढणाऱ्याला श्वास लागतच नाही.

त्या वर्षी मार्चमधली स्पर्धा आमच्या जिवावरची होती. आदल्या वर्षी आम्ही तळाला आलो होतो. पुन्हा तळाला आलो असतो तर एक वर्ग खाली, आणि खाली गेलेल्या बँडमधून चांगली माणसं आधी पळतात, बुडत्या जहाजातल्या उंदरांना सांगावं लागत नाही. पॉग्सन मास्तरांनी सांगूनच टाकलं होतं, "ज्याच्या जागेवर भोक पडेल, त्याची जागा मी दुसऱ्याला देईन. मग तो कितीही जुना असो."

आणि भोक पडायला लागलं होतं. स्पर्धेत वाजवायच्या रचनेत मधे एक संथ भाग होता. वर एकटा कॉर्नेट, ते तुतारीसारखं छोटं वाद्य, अगदी हळू, आणि खाली आमच्या दोन ट्यूबांचा एकच खोल सूर, लांबलचक. पहिल्या खुणेवर थेल्मा श्वास घ्यायची आणि खालची जमीनच नाहीशी व्हायची. होरेसची बोटं कळांवर, गाल जागेवर, कोटसुद्धा वर-खाली होतोय, पण सूर नाही.

तालमीनंतर थेल्मानं मला जिन्यात गाठलं.

"सेथ, तू मागून बघतोस. हा वाजवतोय का?"

"ढोलवाल्याला काय कळतंय?"

"आता तोंड वर करून ते नको ऐकवूस. वाजवतोय की नुसता बसलाय?"

"बसलाय," मी म्हटलं. "आणि माझी पाईपण खात नाही."

"तुझी पाई गेली खड्ड्यात. हा फ्लीसमध्ये येत नाही, तालीम संपली की ट्यूबा घेऊन पसार. माझ्याशी बोलताना तोंडावर हात. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच."

मग कळलं की दर मंगळवारी होरेस ट्यूबा घेऊन हॅग बॉटमच्या बसमध्ये चढतो. हे थेल्मालाच कळलं, बसवाले सगळे तिचेच. हॅग बॉटम आमच्याच वर्गात, आमच्याच दिवशी, आमच्याच विरुद्ध. तिचं तोंड असं झालं की मला होरेसची कीव यावी.

"फितला," ती म्हणाली. "इथं सूर गिळतो, तिथं जाऊन ओकतो."

"असं एकदम नको बोलूस. डोळ्यांनी बघू तरी."

स्पर्धेला तीन आठवडे असताना एका मंगळवारी आम्ही दोघं हॅग बॉटमला गेलो. त्यांची तालमीची खोली चॅपलच्या मागं आहे. संध्याकाळची वेळ, भुरभुर पाऊस, आणि आम्ही दोघं दगडी भिंतीला चिकटून, पन्नाशी ओलांडलेली दोन माणसं, शाळेतून पळाल्यासारखी. कोणी बघितलं असतं तर दोन्ही गावांत वेगळीच बोंब झाली असती. आधी आतून काही कुरकुर ऐकू आली. फाटका, फुसका सूर, पुन्हा पुन्हा. मग थांबला. आणि मग तो सूर आला. खोल, गोल, शांत. भिंतीला टेकलेल्या माझ्या पाठीत तो कळला. सुरुवात कुठं झाली ते कळू न देता आलेला आणि तसाच विरलेला.

आमच्या खोऱ्यात माणूस चेहऱ्यापेक्षा सुरावरून लवकर ओळखतात. अंधारात कॉर्नेट वाजला तर पोरंसुद्धा सांगतील कोण आहे. हा सूर मी वीस वर्षं तीन हातांवरून ऐकला होता. थेल्मानं तर तो शिकूनच घेतला होता. आम्हाला खिडकीतून डोकावायची गरजसुद्धा वाटली नाही.

"होरेस," मी म्हटलं.

"होरेस," ती म्हणाली. पावसानं तिचा चेहरा ओला होता, तिनं तो पुसला नाही. "येतोय की त्याला. चांगला येतोय. फक्त माझ्या शेजारी येत नाही."

परत येताना बसमध्ये ती ओल्या तिकिटाच्या घड्या घालत बसली. मला वाटलं आता मास्तरांकडे जाईल, पण गेली नाही. मास्तरांना सांगितलं असतं तर होरेसची जागा त्याच दिवशी गेली असती, आणि कितीही संतापली तरी तेवढं तिच्यानं होईना. पण विचारलंही नाही तिनं त्याला. मी म्हटलं, विचारून टाक. तर म्हणाली, "विचारलं की तो खोटं बोलेल. खोटं बोलला की मला कळेल. मग मी काय करू?" आता वाटतं, दुकानात पाई पुढं करून मीच विचारायला हवं होतं, पण मलाही त्याचा राग होताच.

स्पर्धेच्या सकाळी हडर्सफील्डच्या वाटेवर ती बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसली. होरेस पुढं, एकटा, खिडकीकडे तोंड.

"ऐक," ती कुजबुजली. "पहिल्या खुणेवर मी श्वास घेणारच नाही. सबंध सूर एकटी ओढणार."

"छाती आहे की लोहाराचा भाता?"

"घरी ओढलाय मी. दोनदा."

"घरी मी पण राजा असतो. होरेसला सांगितलंस?"

"त्याला सांगितलं तर तो दुसरीकडे भोक पाडेल. नाही सांगणार. तू तुझा ढोल बडव."

टाउन हॉलच्या मधोमध नेहमीसारखा कापडी तंबू. आत परीक्षक, त्यांना कोण वाजवतंय ते दिसू नये म्हणून बंद करून ठेवलेले. आमच्या आधी हॅग बॉटम वाजवून गेले. त्यांचा ट्यूबावाला विल्फ गारसाइड मंचावरून उतरताना होरेसला डोळा मारून गेला. तो डोळा थेल्मानं पाहिला, मी पाहिला.

आम्ही वाजवायला लागलो. सुरुवात बरी झाली. मग तो संथ भाग आला. मला त्यात काही काम नसतं. मी तळहात ढोलाच्या कातड्यावर ठेवून उभा राहतो, म्हणजे ते आपोआप घुमू नये. खालचा खर्ज जोरकस असला की ढोल स्वतःहून बोलायला लागतो.

कॉर्नेट वर चढला. खाली ट्यूबांचा लांब सूर सुरू झाला. मी दोन लाल पाठी बघत होतो. पहिली खूण आली. थेल्माची पाठ हलली नाही. ठरल्याप्रमाणे तिनं श्वास घेतला नाही.

आणि माझ्या तळहाताखाली कातडं थरथरलं.

एका ट्यूबानं ते असं थरथरत नाही. सूर कमी व्हायच्या ऐवजी भरला होता. होरेस वाजवत होता. पहिल्या खुणेपासून, अगदी ठरल्यासारखा, गरम, सैल, सावकाश. तो धरायला तयार होता आणि तिनं सोडलंच नव्हतं. मला ओरडावंसं वाटलं, बाई, घे श्वास, आहे तो तिथं! पण स्पर्धेत ढोलवाला ओरडत नसतो. मी तिच्या मानेकडे बघत राहिलो. मान लाल झाली, मग जांभळी. कोट ताठ. ती अजून ओढतच होती.

दुसरी खूण आली. होरेसची पाठ उचलली गेली, शांतपणे, जागच्या जागी. आणि त्याच क्षणी थेल्माचा सूर फाटला आणि तुटला. ती बुडणाऱ्या माणसासारखी हवेला तोंड मारत होती. दोघंही श्वासात. माझ्या हाताखालचं कातडं मेल्यासारखं गप्प झालं. वरचा कॉर्नेट एकटा पडला आणि त्याचाही आवाज कापला. मग होरेस परत आला, मग थेल्मा आली, आणि पुढचं दोघांनी इतकं सुरेख वाजवलं की मला रडू यायचं बाकी होतं. पण तंबूतल्यांनी भोक ऐकलं होतं.

आम्ही तळाला आलो. परीक्षकांनी लिहिलं होतं, ऐन वेळी खर्ज नाहीसा झाला, फार वाईट वाटलं. पॉग्सन मास्तरांनी ते बसपाशी सगळ्यांसमोर वाचलं आणि कागदाची घडी घातली.

"होरेस," ते म्हणाले, "मला हे बोलायला आवडत नाही. पण महिनाभर मी तालमीत ऐकतोय. तुम्ही तिथं वाजवत नाही."

सगळे होरेसकडे बघत होते. मी थेल्माकडे बघत होतो. ती ट्यूबाच्या पेटीची कडी लावत होती, लागलेली कडी पुन्हा लावत होती.

"बरोबर आहे मास्तर," होरेस म्हणाला. "माझंच चुकलं. दात हलले."

"दात?"

त्यानं मिशीखाली हात घातला आणि वरची कवळी काढून तळहातावर ठेवली. गाल आत गेले, एकदम दहा वर्षांनी म्हातारा झाला. "हिवाळ्यात सगळे काढले. नव्या दातांवर खर्ज लागेना. ओठ कुठं टेकवावा तेच कळेना. म्हणून तालमीत..." त्यानं माझ्याकडे बघितलं. "राग मानू नकोस सेथ. पण मला ढोलाशी जाऊन उभं नव्हतं राहायचं."

मी काय राग मानणार? तोंडातल्या तोंडात माझीच कवळी जिभेनं चाचपत उभा होतो. सबंध खोऱ्यात पाई नाकारण्याचं खरं कारण ओळखायला माझ्याएवढा लायक माणूस नव्हता.

तेवढ्यात विल्फ गारसाइड हातात चहा घेऊन आला, हॅग बॉटमवाल्यांना दुसऱ्याच्या गोष्टीत नाक खुपसायची सवयच असते. "सांगितलंस होय शेवटी?" त्यानं स्वतःची कवळी जिभेनं पुढं ढकलून दाखवली आणि परत आत घेतली. "नऊ वर्षं झाली माझ्या दातांना. आमच्यात ढोल नाही देत बाबा, आमच्यात वाजवायला शिकवतात. मंगळवारी येतो हा माझ्याकडे. आधी नुसता भुसा पडायचा. मी एकदा वाजवून दाखवायचो, मग हा. याच मंगळवारी लागला पठ्ठ्याला."

"तू वाजवून दाखवायचास?" थेल्मा म्हणाली. आवाज तिचा नव्हताच.

"मग? आम्ही दोघं एकाच म्हाताऱ्याकडे शिकलो. त्याचा सूर आणि माझा सूर आमच्या आयांनापण ओळखू यायचा नाही."

मला भिंतीमागचा पाऊस आठवला. आधीचा फाटका सूर होरेसचा होता आणि नंतरचा विल्फचा, ते मला आता कळलं. थेल्मालाही कळलं.

मास्तर खाकरले. "वाईट वाटतं होरेस. पण आज दात हलले ते हललेच. सोमवारी ट्यूबा परत..."

मी थेल्माजवळ गेलो आणि हळूच म्हटलं, "मी मागं होतो. दोन्ही पाठी बघितल्यात मी. तू बोलतेस की मी बोलू?"

तिनं कडी सोडली. "खोटं बोलतोय तो," ती म्हणाली, अगदी बसच्या वरच्या मजल्यापर्यंत जाईल अशा आवाजात. "दात बीत काही हलले नाहीत. भोक माझं आहे. पहिल्या खुणेवर मी श्वास घेतला नाही. हा फितलाय असं मला वाटलं म्हणून एकटीनं ओढायला गेले, आणि दुसऱ्या खुणेवर मेले. त्यानं जिथं घ्यायचा तिथंच श्वास घेतला. सेथला विचारा."

"खरं आहे," मी म्हटलं. "ढोलानं पण सांगितलं."

कोणी हसलं नाही. पॉग्सन मास्तर परीक्षकांचा कागद खिशात घालत म्हणाले, "होरेस, तुमची जागा तुमचीच आहे," आणि बसमध्ये चढले. बाकीचेही चढले. विल्फ चहा घेऊन दोन पावलं मागं सरकला, पण ऐकू येईल इतकंच.

होरेस कवळी बसवत होता. "आयुष्यात एकदा चांगलं खोटं बोललो," तो म्हणाला, "तेही तू टिकू दिलं नाहीस. तुला अजून किती वर्षं वाजवायचंय, मला किती. म्हटलं, जाऊ दे माझ्यावर."

"पहिल्या खुणेवर माझा सूर ऐकलास तू," थेल्मा म्हणाली. "मी थांबले नाही हे कळलं तुला?"

"शेजारी बसलो होतो. कळणार नाही?"

"का नाही थांबले, तेही कळलं?"

"ते पण कळलं."

"मग दुसऱ्या खुणेवर श्वास कशाला घेतलास मेल्या? माझ्यात हवा उरली नव्हती! धरायचं होतंस!"

"तू धरणार असं ठरलं होतं," होरेस म्हणाला.

तिचे डोळे भरून आले आणि ती रागावली, तिचं रडू असंच येतं. "बरं, चुकले मी. सगळ्यांसमोर सांगितलं ना? आता सोमवारी ये. पेन्सिलीनं पुन्हा खुणा करू. आता तुझ्यावर डोळे मिटून..."

"सोमवारी ट्यूबा परत करायला येईन," तो म्हणाला. "विल्फ कधीचा म्हणतोय, आमच्याकडे एक जागा रिकामी आहे. मी नाही म्हणत होतो."

"हॅग बॉटमला?" थेल्मा ओरडली. बसच्या काचांमधून सगळी तोंडं बाहेर वळली. "म्हणजे माझा संशय खराच होता! बघितलंस सेथ? म्हणत होते ना मी?"

होरेसनं मफलर नीट केला. त्याला राग आलेला दिसत नव्हता, नुसता थकलेला होता.

"आज मंचावर वाजवेपर्यंत तुझा संशय खोटा होता, थेल्मा," तो म्हणाला, आणि विल्फबरोबर त्यांच्या बसकडे चालायला लागला.